मागच्या पाट्याचा हुंकारा

नाही, नाही, नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरायचं नाही, सुरज — जॅक म्हणजे जावई, कधी रुसेल सांगता येत नाही — तो सागाचा ओंडका आण, काजूच्या बुंध्याशी पडलाय तो, आणि सरकव चासीखाली — अजून आत — बस्स. पुढच्या चाकांना दगड लावलेस ना? पुढूनही आणि मागूनही? लाव, कंटाळू नकोस. तू म्हणशील अंगण सपाट आहे, गाडी गिअरमध्ये आहे, जाणार कुठं — अरे, या जीपचं तू मला सांगू नकोस. एकदा हिला बाजारात उभी करून मी चहाला गेलो, परत येतो तर माणसं बसलेली, टपावर कोंबड्यांच्या पाट्या चढवलेल्या, आणि ही आपली आपण दाभोशाच्या रस्त्याला लागलेली — ड्रायव्हर नाही! एकालाही पत्ता नाही. पुढच्या सीटवरचा मास्तर तर घोरत होता. मी धावत जाऊन चढलो आणि पहिलं काय केलं असेल? ब्रेक? छे. ब्रेक मारला असता तर सगळ्यांना कळलं असतं. मी आधी हॉर्न वाजवला. म्हणजे गाडीला वाटावं, आला ड्रायव्हर, आता नीट वागू या.

हूं म्हण की. मघापासून बघतोय, तू नुसती मान हलवतोस. मान हलवून चालत नाही, बेटा, मी आता गाडीखाली जाणार, मला तुझी मान कुठून दिसणार? गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा लागतो. तुमच्या पोशेऱ्यात नाही का, नागलीची मळणी झाली की खळ्यावर म्हातारी माणसं सांगायला बसतात आणि समोरच्या एकानं हूं, हूं करत राहायचं? आमच्यातही तसंच. आमच्या घरातलं मोठं माणूस हुंकारा थांबला की तोंड मिटून घ्यायचं — राजपुत्र अर्ध्या विहिरीत लटकत असला तरी, लटकू दे. कारण काय, तर ऐकणाऱ्यानं हुंकारा सोडला की त्याची जागा रिकामी होते, आणि रिकाम्या जागेवर कोण येऊन बसेल याचा नेम नाही. मग गोष्ट तुम्ही सांगताय आणि हूं तिसरंच कुणी म्हणतंय. — नाही म्हणत? बरं. तुझी मर्जी. नवसूचा पोरगा आहेस, दुसरं काय होणार. तुझा बापही असाच, दगडाला पाझर फुटेल पण नवसूला शब्द फुटणार नाही. बावीसचा पाना दे. तो नाही, त्याच्या शेजारचा.

हां. आता बघ — तुला माहीत आहे, तूही गाडी चालवतोस, पण मला सांगायला आवडतं म्हणून सांगतो — हे कमानपाटे, एकावर एक रचलेले. पुढचं टोक चासीला पक्कं. मागचं टोक या शॅकलला टांगलेलं, झोपाळा टांगावा तसं, म्हणजे खड्डा आला की पाटा लांबतो, आखडतो, शॅकल झुलतं, आणि बसणाऱ्याच्या मणक्याला कळत नाही. आणि त्या झोपाळ्याच्या कडीत हा रबराचा बुश. मुठीत मावेल एवढासा. तो झिजला की लोखंडावर लोखंड घासतं आणि आवाज येतो. सकाळी तू मागं हात देऊन गाडी दाबलीस तेव्हा आला तो. लहानसा. नाकातून काढल्यासारखा. — काय म्हणालास तेव्हा तू? ‘दाऊदचाचा, बुश बदलून द्या, मग नेतो.’ सरळ बोललास. व्यवहारी माणूस आहेस. दानियालनं तर बुश कधीच पाठवून ठेवलाय भिवंडीहून, कागदात गुंडाळून, वर्षभर त्या कोनाड्यात पडून आहे. दर जुम्म्याला पोरगा समोरच्या एसटीडी बूथवर फोन करतो — अब्बा, बुश बसवला का? तब्येत कशी आहे, हे नंतर विचारतो.

गॅरेजात का नाही नेली? सगळे हेच विचारतात. बाजारात चाळीस पावलांवर... चाळीस कसली, इथून ओरडलं तरी ऐकू जाईल एवढ्यावर गॅरेज आहे, त्यांनी चहा पिता पिता बसवला असता. पण गॅरेजात ग्राइंडर चालतो, टेप वाजतो, चार टाळकी बसलेली असतात. मला हे काम शांत जागी करायचं होतं. घरी. — का म्हणजे? आवडतं मला. थोडं रॉकेल टाक त्या नटावर. गंज बघ कसा धरलाय, जसा काही निकाह लागलाय दोघांचा. टाक अजून. आता भिजू दे त्याला, तोवर आपण बोलू.

तुझ्या बापाची एक गोष्ट सांगतो. दाभोशाहून येत होतो. दुपारची वेळ, पावसाचे दिवस, गाडी रिकामी, फक्त नवसू मागं फूटबोर्डवर उभा, काखेत कोंबडा. आत बस म्हटलं तरी बसायचा नाही, म्हणायचा, आत बसलं की रस्ता दिसत नाही. नदीच्या वळणावर येतो तर रस्त्याच्या मधोमध बिबळ्या. बसलेला. पुढचे पाय जुळवून, एसटीची वाट बघणारा पेन्शनर बसावा तसा. मी हॉर्न दिला. हलेना. मी दिवे दाखवले. तो उठला, सावकाश गाडीला वळसा घालून आला, आणि बॉनेटवरून टपावर चढला. हातपाय पसरून पडला. वजन म्हणशील तर पाटे असे दबले, असे. मी नवसूकडं बघितलं, नवसूनं कोंबडा शर्टात घातला आणि म्हणाला, ‘चल.’ त्या दिवशी बोललेला तो एकच शब्द. आणि वायपर बंद माझा! काचेवर पाऊस, पुढचं काही दिसेना. इतक्यात वरून त्याची शेपटी खाली आली, काचेवर. पावसानं गुदगुल्या होत असतील, कोण जाणे — अशी डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. काच आरशासारखी स्वच्छ. जव्हार येईपर्यंत बिबळ्याच्या शेपटीनं काच पुसत आलोय मी. — खोटं? विचार तुझ्या बापाला. — वारला, ते माहीत आहे मला, मातीला आलो होतो मी. म्हणून तर विचार म्हणतो. माझे सगळे साक्षीदार मेलेले असतात, सुरज. साक्षीदार मेलेला असला की गोष्ट पक्की. मेलेला माणूस नाही म्हणत नाही.

शेवट? शेवट आहे ना, मोठा झकास आहे. पण तो आत्ता नाही. तो गाडी खाली उतरवल्यावर. ठरवलंय मी तसं.

हं, सुटतोय बघ — थांब — दे हातोडा. तो जड नको, छोटा. पिनेच्या डोक्यावर मारायचं नाही, मधे लाकूड धरायचं. धर. तुझ्या बोटांवर नाही मारत, काळजी करू नकोस, अजून गाडीचा व्यवहार व्हायचाय. — तुला बाजारात काय काय सांगितलंय, ते मला ठाऊक आहे. दाऊदच्या जीपमध्ये काहीतरी आहे. सांगितलं ना? मागच्या डाव्या बाकावर, दाराशी, तो कुणाला बसू देत नाही. हे खरं आहे. या तालुक्यात जीप कशी भरतात, तू बघतोस — आत माणसं, टपावर माणसं, मागं लोंबकळणारी वेगळी, ड्रायव्हरच्या मांडीवर बसवायची तेवढी बाकी. आणि मी एक जागा रिकामी ठेवून चालवतो. लोक उभे राहतील, पण तिथं नाही. म्हणून लोकांनी गोष्टी केल्या. कुणी म्हणतं चुडैल बसते. कुणी म्हणतं, दाऊदनं कुणाला तरी उडवलं, तो बसतो. मी कशाला नाही म्हणू? उलट मीच एक-दोन वाढवून दिल्या. एका बँकेच्या साहेबाला सांगितलं, तिथं जव्हारच्या जुन्या राजाचा महावत बसतो, त्याचा हत्ती मेला तेव्हापासून पायी चालवत नाही त्याला. साहेब मोखाड्यापर्यंत पाय पोटाशी घेऊन बसला होता.

वावर गावची? ती कुणी सांगितली तुला? — हं. त्या साली, ब्याण्णव-त्र्याण्णवला, साहेबलोकांना घेऊन मी जायचो तिकडं, हे खरं. रस्ता नव्हता, आणि गाड्या कशा, लग्नाला लागतात तशा लायनीनं. सगळे विचारायला आलेले. तिथली पोरं भुकेनं गेल्यावर. परत येताना माझी जीप रिकामी असायची, आणि तरी पाटे — नाही. ती नाही सांगत मी. बाजारात कुणी सांगितली असेल तर त्यानं बनवली. मी फक्त मी बनवलेल्या सांगतो. ती बनवलेली नाही.

निघाली पिन! बघ, बघ — हा बुश. घे हातात. बघितलंस? या बाजूनं अख्खा आहे, आणि या बाजूनं कागदासारखा. एकाच बाजूला झिजलाय. कारण वजन एकाच बाजूला पडायचं. गोल भोक लांबट होऊन गेलंय. हा बोलत होता इतकी वर्षं. — नाही, फेकू नकोस! इकडं दे. असू दे खिशात.

आता पाणी आण थोडं, त्या वाटीत साबणाचा तुकडा आहे तो कालव. रबराला ग्रीस लावायचं नाही, रबर सडतं. साबणाच्या पाण्यानं बसवायचं, सरकतो आणि मग सुकून घट्ट धरतो. हे मला कुणी शिकवलं माहीत आहे? बायकोनं. हुस्नबानो. हसू नकोस, बांगड्या भरायचं दुकान होतं तिच्या माहेरचं, ती म्हणाली, हात सुजलेला असला तरी बांगडी जाते, तुमचा बुश काय जात नाही? आणि गेला. फुल्ल वजनाची बाई होती, या बाकावर बसली की गाडी डावीकडं चार बोटं झुकायची. लोक म्हणायचे, दाऊद, पाटा वाढव. मी म्हणायचो, पाटा ठीक आहे, माझं नशीब वजनदार आहे. ती मागून म्हणायची, हूं.

पुढं कधी बसली नाही. पुढची जागा भाड्याची, म्हणायची, मास्तरांची, नर्सबाईंची, मी कशाला अडवू? मागच्या डाव्या बाकावर, दाराशी, मांडीवर पानाचा डबा. सुकट विकायला जायची माझ्याबरोबर, बाजाराबाजाराला. आणि मी बडबडायचो आणि ती हुंकारा द्यायची. माझी एकही गोष्ट खरी नाही हे तिला जितकं माहीत होतं तितकं कुणाला नाही, सुरज, पण तिचा हुंकारा चुकला नाही. साधा हूं नाही हां — गोष्ट कुठं ढिली पडली, ते त्या हूंवरून कळायचं मला. लांब आला की समजायचं, आवडली. तुटका आला की — आटपा.

तू ऐकतोयस ना? धर हे, शॅकल सरळ धर. मी बुश दाबतो. — चालला. चालला बघ. बांगडीसारखा.

त्या दिवशीही मागंच बसली. भाताची कापणी चालली होती, गाडीला माणूस नाही, सगळे शेतात. सकाळी उठली तर म्हणाली, डावा खांदा भरून आलाय, जळजळतंय. चेहरा मेणासारखा. म्हटलं, नाशिकला दाखवून येऊ. चालत येऊन बसली, कुणाचा हात घेतला नाही. म्हटलं, आज तरी पुढं ये, आज कोण आहे भाड्याचं? तर म्हणाली, रस्त्यात कुणी भेटलं तर? — मोखाडा मागं पडलं तशी म्हणाली, काहीतरी सांगा, रस्ता संपत नाहीये आज. म्हणून मी ही बिबळ्याची काढली. तिला कधी सांगितली नव्हती. तोवर बनवलीच नव्हती मी, तिथल्या तिथं बनवत गेलो. नवसूला फूटबोर्डवर उभा केला — हूं. बिबळ्या रस्त्यात बसवला, पेन्शनरसारखा — हूं, लांब. आवडली म्हटलं. तोरंगणचा घाट लागला तसा मी त्याला टपावर चढवला. घाटात कोण मागं बघतं? रस्ता फुटलेला, खड्ड्यात खड्डे. आणि आरसा असा की त्यात तिचा फक्त पदर दिसायचा, दांड्याला डोकं टेकून बसायची म्हणून. मी सांगत होतो आणि मागून हूं येत होता. शेपटी काचेवर आली — हूं. घाट चढून वर आलो, त्र्यंबकचा डोंगर दिसायला लागला, मी गोष्ट शेवटाला आणली, आणि शेवट सांगितला. आणि ती म्हणाली, हूं. लांब. एवढा लांब तिनं आधी कधी दिला नव्हता.

नाशिकला दवाखान्याच्या दारात गाडी लावली, म्हटलं, उतर बानो. डॉक्टर बाहेर आले, तिचा हात धरला, आणि — खाली ठेवला. असा, हळू, काचेची वस्तू ठेवावी तसा. म्हणाले, चाचा, यांना जाऊन बराच वेळ झालाय. अंग गार पडलंय. घाटाच्या आधीच गेल्या असतील. मी म्हटलं, साहेब, काहीतरी चुकतंय, आत्ता त्र्यंबकजवळ हूं म्हणाली ना ती. तिथली आया रडायला लागली, तिचा काय संबंध?

तो पाना... तिकडं आहे. त्या चाकाजवळ. दे. नट गुळगुळीत आहे, पाना सटकतोय.

दानियाल आला भिवंडीहून. माती देऊन आम्ही परत निघालो, तो मागंच बसला होता, तिच्या जागेवर, सहज. कबरस्तानाच्या उतरणीला खड्डा आहे ना — चाक त्यात गेलं आणि आवाज आला. तोच. मी ब्रेकवर पाय दिला. आणि पोरगा म्हणाला, ‘अब्बा, मागचा बुश गेलाय.’ एवढंच. त्या बिचाऱ्याला काय माहीत. नंतर मी त्याला सांगितलं, डॉक्टर असं म्हणाले आणि मी असं ऐकलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, अब्बा, बुश होता तो. खड्डे होते. बुश बदला, म्हणजे तुम्हाला पटेल.

पटेल! — कळतंय का तुला, सुरज? त्याला वाटतं, पटलं की बरं वाटेल मला. आणि मी इकडं बुश कोनाड्यात ठेवून, आवाज करत, गाडी चालवतोय. रिकाम्या फेऱ्या मारतोय मोखाड्याच्या. गोष्टी सांगत. खड्डा आला, हूं. मी म्हणतो, बानो, पुढं ऐक. मग गाडी मुद्दाम खड्ड्यातून घालतो की काय, असं लोक म्हणायला लागले. घालतो. चांगला रस्ता झाला तेव्हा मीच एकटा माणूस तालुक्यात, ज्याला वाईट वाटलं. पण बदलला नाही. कारण बदलला आणि आवाज गेला, तर मग तो बुशच होता. तर मग सगळा घाट मी — कुणाला सांगत होतो मी? कुणाच्या हूंवर शेपटी हलवत होतो त्या बिबळ्याची? ती तिकडं दांड्याला टेकून गार पडतेय आणि मी इकडं —

डोळे जायला लागले, म्हणून. नाहीतर तुला बोलावलं नसतं. मागच्या महिन्यात म्हैस मला वळणाचा दगड वाटली. दानियाल म्हणाला, बस आता, गाडी विका आणि भिवंडीला या. मी म्हटलं, ठीक. बुश बसवतो. आवाज गेला, तर गाडी ज्याला पाहिजे त्याला, आणि मी येतो, कोपऱ्यात बसेन तुझ्या पोरांना खोटं सांगत. आणि नाही गेला, तर मला फोन करायचा नाही या विषयावर. कसम घालून ठरलंय. तेव्हा हे तुझ्यासाठी चाललंय असं समजू नकोस. तू आपला गिऱ्हाईक.

चल. ओंडका काढ. हळू. मी जॅक सोडतो — सोडतो — आली खाली. आता शेवटचा नट. हा गाडी अधांतरी असताना आवळायचा नाही, नाहीतर रबर पिळून बसतं. गाडी आपल्या पायांवर उभी राहिली की मगच. हां — हां — या अल्ला — बसला. आवळला. बघ, हलवून बघ शॅकल. काही फट आहे? नाही ना? नवाकोरा बुश, अंगठीत खडा बसवावा तसा बसलाय. लोखंडाला लोखंड कुठंही लागत नाही. लागतंय? नीट बघ. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला. — बरं, मान हलव, आता दिसते मला.

मागं ये. हात दे बंपरला. दोघं मिळून दाबू, जोरात, तू सकाळी दाबलीस तशी. एक — सोड. पुन्हा. — पुन्हा दाब.

कोंबडीला हुसकाव तिकडं, तिचा आवाज येतो. पुन्हा.

पुन्हा.

… बस. बस, सोड. गाडी मोडशील.

गेला. ऐकलंस ना तू? ऐकायला काही नाही, तेच म्हणतोय. लोण्यासारखी बसते, लोण्यासारखी उठते. चांगलं झालं. दानियाल हुशार आहे, आईवर गेलाय. बुशच होता. खड्डे होते. — चावी आत आहे, कोनाड्यात, जिथं बुश होता तिथं. घेऊन ये. नाहीतर थांब, आधी पाणी पी, घामानं भिजलायस. रांजण तिथं पडवीत आहे, लोट्यानं घे, वरून ओत तोंडात, संकोच करू नकोस. मी बसतो इथं जरा. फूटबोर्डवर. तुझ्या बापाच्या जागेवर.

शेवट राहिला ना पण. अर्धी गोष्ट गाडीबरोबर देत नाही मी कुणाला. पीत पीत ऐक, तुझ्या हुंकाऱ्याची आशा मी सोडलीय. — तर बिबळ्याच्या शेपटीनं काच पुसत पुसत आम्ही जव्हारला आलो. नाक्यावर हवालदार. म्हणाला, दाऊद, टपावर कोण? म्हटलं, पाहुणे. बरं म्हणाला. बाजार भरलेला. गाडी थांबली तसा बिबळ्या उतरला, अंग झटकलं, शेपटी पिळून पाणी काढलं. चार पावलं गेला. मग परत आला माझ्या खिडकीशी, आणि पाय टेकवून, असा वाकून, मला विचारलं, दाऊदभाई, परतीची गाडी किती वाजता? आणि मी त्याला काय सांगितलं? जे सगळ्यांना सांगतो तेच. वेळ नसते बाबा. भरली की सुटेल.

…

तू म्हणालास?

सुरज. आत्ता हूं तू म्हणालास का?

तोंडात पाणी आहे तुझ्या. गाल फुगलेत. — मी हललो नाही. माझे पाय बघ, जमिनीवर आहेत. गाडीला हात नाही कुणाचा. वारा? काजूचं पान हलत नाहीये, कसला वारा. नवा बुश आहे, सुरज, तूच बघितलास, लोखंडाला लोखंड लागत नाही कुठं, तू मान हलवलीस, हलवलीस ना? आणि लांब होता. ऐकलास तू. नाही ऐकलास तर लोटा का खाली ठेवलास असा? ऐकलास.

चावी राहू दे. आहे तिथंच राहू दे. जा तू. — नाही, गाडी विकायची नाही. वाट बघितलीस, मेहनत केलीस, तुझ्या बापाला दुवा देईन मी, पण जा. बूथवरून दानियालला सांग, अब्बांनी बुश बसवला. आवाज गेला नाही म्हणावं, कसम त्याला आठवेल. आणि बाजारात काय सांगायचं ते सांग, तुझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, तू नवसूचा पोरगा, बोलत नाहीस.

फाटक ओढून घे. हळू लाव, वाजतं ते.

हं. तर बानो — गोष्ट संपली, असं मी कुठं म्हटलं? तो बिबळ्या गाडीत चढला परत, आणि पुढची जागा रिकामी असून, काय म्हणाला ऐक —